दुधाची पावडर वगळायची असेल तर

प्रश्न : तीव्र कुपोषित मुलांसाठीच्या शेंगदाणा पेस्टमध्ये दुधाची पावडरच सर्वांत महाग पडते. तिच्या जागी तेवढंच सोयाबीनचं पीठ चालेल का? आमच्या नमुन्यांना तेल सुटतं आणि पेस्ट खरखरीत लागते.

उत्तर : वजनाला वजन असा बदल चालत नाही. नेहमीच्या 100 ग्रॅम तयार पेस्टमध्ये दुधाची पावडर सुमारे 30 ग्रॅम, साखर 28, नुसत्या दाण्यांची पेस्ट 25, तेल 15 आणि जीवनसत्त्व-खनिजांचं मिश्रण दीड ग्रॅमच्या आसपास असतं. दुधातून प्रथिनांसोबत कॅल्शियम-फॉस्फरसही मिळतं. सोयाबीन मात्र फायटेट, म्हणजे खनिजं बांधून ठेवणारं द्रव्य, घेऊन येतं आणि ते लोह-जस्त नीट शोषू देत नाही. त्यामुळे खनिजांचं प्रमाण नव्यानं ठरवावं लागतं. जुनं मिश्रण तसंच वापरणं ही इथली नेहमीची चूक.

कच्च्या सोयाबीनमधले ट्रिप्सिनरोधक घटक ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवतात आणि प्रथिनं नीट पचू देत नाहीत. दाणे रात्रभर भिजवा, सालं काढा, अर्धा तास उकळा, कडकडीत वाळवा, मग हलके भाजा. करपले तर लायसिन (प्रथिनांतलं एक आवश्यक अमिनो आम्ल) गेलंच. सोयाबीनमध्ये मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी असतं, म्हणून जोडीला मका किंवा ज्वारी हवी. मोड आणले की फायटेट घटतं, पण ज्वारीच्या कोंबांत सायनाइड तयार करणारा घटक असतो. वाळवून कोंब आणि मुळं चोळून काढून टाका. शेंगदाण्यातले बुरशीचे, सुरकुतलेले दाणे आधीच निवडा, कारण अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष भाजून पुरतं जात नाही.

खरखर जायला पीठ 200 मायक्रॉनपेक्षा बारीक हवं. कोमट तेलात आधी शेंगदाणा पेस्ट, मग पिठं थोडीथोडी घाला. जीवनसत्त्वांचं मिश्रण पिठीसाखरेत कालवून घ्या, नाहीतर गाठी होतात. तेल तरीही वर आलं, तर खाद्य इमल्सिफायर (तेल वेगळं होऊ न देणारा पदार्थ) लागेल. पाण्याचा थेंबही नको! ओलावा 2.5 टक्क्यांच्या आत राहिला तर जंतू वाढत नाहीत, आणि भिजवलेलं धान्य नीट न वाळवल्यास नेमका ओलावाच वाढतो.

प्रश्न : अशी पेस्ट घरी करून मुलाला द्यावी का?

उत्तर : उपचार म्हणून नाही. 6 ते 59 महिन्यांच्या मुलाचा दंडघेर 115 मिमीपेक्षा कमी असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर आधी डॉक्टर. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या 2007 च्या संयुक्त निवेदनात अशा उपचाराच्या पेस्टमधली निम्मी तरी प्रथिनं दुधाची असावीत असं म्हटलं आहे. त्यामुळे दूधविरहित पेस्टची 100 ग्रॅमला 520 ते 550 किलोकॅलरी ऊर्जा प्रयोगशाळेत जुळली, तरी मुलांवरची चाचणी वैद्यकीय देखरेखीखालीच व्हायला हवी.