ट्रेनिंग प्रत्येकाच्या लर्निंग स्टाइलप्रमाणे द्यावं का?

तुम्ही विचारलंय की, नवीन कामगारांची चाचणी घेऊन बघून शिकणारे, ऐकून शिकणारे आणि करून शिकणारे असे गट पाडावेत का. मी चाकणला एका मशीन शॉपमध्ये ट्रेनिंग बघतो. माझं मत स्पष्ट आहे, असे गट पाडू नका.

या चाचण्यांतली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची व्हार्क. माणसाला काय आवडतं ते तिच्यातून कळतं. पण आवडीप्रमाणे शिकवलं की जास्त चांगलं येतं, याला पुरेसा पुरावा नाही. हॅरल्ड पॅशलर आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन तपासून २००८ मध्येच हे मांडलंय.

कसं शिकवायचं ते मी कामावरून ठरवतो. मायक्रोमीटर घ्या, म्हणजे बारीक माप मोजायचं उपकरण. त्याच्या स्लीव्हवरची, म्हणजे स्थिर नळीवरची, अर्ध्या मिलिमीटरची रेघ उघडी पडली की नाही, हे डोळ्यांनीच बघावं लागतं. ती नजरेतून सुटली की १२.७८ मिलिमीटरचा जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला तुकडा, १२.२८ वाचला जातो. जोर किती लावायचा, ते मात्र स्वतः रॅचेट, म्हणजे टोकाची फिरवायची मूठ, फिरवल्याशिवाय हाताला कळत नाही. ‘ऐकून शिकणाऱ्या’लाही यातून सुटका नाही.

माणसामाणसांत फरक असतोच, पण तो पूर्वतयारीचा आणि भाषेचा. आयटीआय टर्नर करून आलेल्या पोराला लेथची ओळख करून देत बसलात तर त्याचं लक्ष उडतं. त्याच्या हातात रिजेक्ट झालेला जॉब द्या आणि कारण शोधायला लावा. पहिल्यांदाच कारखान्यात पाऊल ठेवलेला हेल्पर तशाने गांगरतो, त्याला एकेक पायरी दाखवायला हवी. आणि मशीनवर टांगलेली वर्क इन्स्ट्रक्शन इंग्रजीत असेल, तर बीडचा काय अन् बिहारचा काय, पोरगा शेजारच्याला विचारून काम करतो. शेजारच्याच्या चुकीच्या सवयीही मग आपसूक उचलतो. ती मराठी-हिंदीत करून घ्या, शेजारी चांगल्या आणि खराब जॉबचे फोटो लावा.

पद्धत म्हणाल तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांसाठी निघालेल्या टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) कार्यक्रमातली ‘जॉब इन्स्ट्रक्शन’ मला आजही सगळ्यात भरवशाची वाटते. आधी त्याला मोकळं करा, काय येतं ते विचारा. मग महत्त्वाचे मुद्दे सांगत काम करून दाखवा. मग त्याला करू द्या, आणि पुन्हा करताना प्रत्येक मुद्दा त्याच्याच तोंडून वदवून घ्या. शेवटी एकट्याला सोडा, पण अडलं तर कुणाला विचारायचं ते सांगून, आणि अधूनमधून फेरी मारा.

घाईत पहिली गळते ती वदवून घेण्याची पायरी. ‘समजलं का?’ विचारलं की सगळेच ‘हो सर’ म्हणतात. त्याऐवजी ‘मोजण्याआधी जॉब पुसायचा कशाला?’ असं विचारा. धातूची बारीक चिप चिकटून राहिली तर माप जास्त येतं, हे त्याने आपल्या शब्दांत सांगितलं की मगच पुढे जा.

शिकवायला जुना ऑपरेटर देणार असाल, तर त्या दिवसापुरतं त्याचं प्रॉडक्शन टार्गेट कमी करायला मॅनेजरकडून आधीच मंजुरी घ्या. टार्गेट तेच राहिलं तर तो स्वतःच जॉब उरकतो आणि नवीन पोरगा शिफ्टभर नुसता बाजूला उभा राहतो.