गिटारवर बोटं बसली, आवाजही छान आला, पण या कॉर्डचं (एकत्र वाजणाऱ्या सुरांचं) नाव काय? ॲप दोन वेगळी नावं दाखवतंय

ॲप बंद करा. नाव शेपला (बोटांच्या मांडणीला) नसतं, सुरांना असतं.

तुमचा शेप असा: सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार बंद, पाचवी तिसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या पट्ट्यांमधलं घर), चौथी आणि तिसरी दुसऱ्यावर, दुसरी पहिल्यावर, पहिली मोकळी. वाजणारे सूर सी, ई, ए, सी, ई. दुबार आलेले गाळले की तीनच उरतात. आता प्रत्येकाला रूट (कॉर्डला नाव देणारा सूर) धरून वरचे सेमिटोन मोजा; एक सेमिटोन म्हणजे एक फ्रेट. सीपासून ई ४ वर, ए ९ वर. सी मेजरला लागणारा ७ वरचा जी गायब. एपासून सी ३ वर, ई ७ वर. ३ आणि ७ म्हणजे सरळसरळ ए मायनर, फक्त बासला, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराला, सी. कॉर्डचे तक्ते मात्र बिनदिक्कत सी सिक्स्थ (सी मेजरचे सी, ई, जी आणि वर ए) छापतात, आणि यावरून मी आजही भांडायला तयार आहे.

सिक्स्थच हवी ना? मग जी ऐकू येऊ द्या. पाचवी तार तिसऱ्या फ्रेटवर तर्जनीने, आणि चौथी ते पहिली पाचव्या फ्रेटवर अनामिका आडवी टाकून. सूर सी, जी, सी, ई, ए. यात अनामिकेचं टोक किंवा सांधा जरा उचलला गेला की पहिली तार मुकी होते, आणि सिक्स्थ नेमकी त्याच एका तारेवर आहे. उरतो साधा सी मेजर.

सूर शोधायला अख्खा फ्रेटबोर्ड घोकू नका. सहावी आणि पाचवी तार पाठ असली की पुरे, बाकी ऑक्टेव्हने (त्याच नावाच्या वरच्या सुराने) काढा. सहावीवरून चौथीवर आणि पाचवीवरून तिसरीवर जाताना दोन फ्रेट पुढे. चौथीवरून दुसरीवर आणि तिसरीवरून पहिलीवर जाताना तीन. हा जास्तीचा एक फ्रेट विसरला की पुढची सगळी नावं चुकतात. तिसऱ्या-दुसऱ्या तारेत ४ सेमिटोनचं अंतर आहे, बाकी शेजारच्या तारांत ५.

आता कबुलीही देतो: सोबत कुणी जी वाजवत असेल तर सी सिक्स्थ म्हणणं चूक नाही. तेच चार सूर ए मायनर सेव्हन्थचेही आहेत. तिथे बासला कोण आहे ते बघायचं. आणि हे सगळं ई-ए-डी-जी-बी-ई ट्यूनिंगमध्ये, कॅपोशिवाय (कॅपो म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबणारा चिमटा). दुसऱ्या फ्रेटवर कॅपो असेल तर तुमचा हाच शेप बी मायनर, बासला डी.