“सगळं बरं आहे”

पत्र थोडक्यात: “ताई, मी सातारा जिल्ह्यातला. सियाचीनला, 18,000 फुटांच्या पुढच्या पोस्टवर आहे. बायको फोनवर म्हणते, सगळं बरं आहे. पण गावच्या मित्राकडून कळलं, आई गोठ्यात घसरून पडली, डावं मनगट मोडलं. चुलत्यानं बांध कोरलाय, कोर्टात जायची भाषा करतो. ऊस अजून उभा आहे. का लपवलंस म्हणून बायकोवर ओरडलो. ती म्हणाली, ‘तुम्ही तरी कुठं खरं सांगता?’ तेवढ्यात फोन कट. झोप लागत नाही. 11 वर्षं झाली, नोकरी सोडून यावं का?”

बाळा, वयानं तू माझ्या मुलाएवढा, म्हणून एकेरीत लिहिते.

तुझी बायको खोटारडी नाही. ती तुझ्याकडूनच शिकली. वर संत्रं दगडासारखं गोठतं, बुखारीच्या, म्हणजे रॉकेलच्या शेगडीच्या, काजळीनं सकाळी नाकातून काळं येतं, आणि तू तिला सांगतोस, “इथं मजा आहे.” तिला तुझा आवाज कळत नाही का?

माझे यजमान फौजेत होते. “मी मजेत आहे” अशी त्यांची पत्रं यायची. मी मजकूर सोडून अक्षर बघायची. वाकडं आलं की थंडीनं बोटं चालत नाहीत, हे मला समजायचं. एकदा त्यांनी सरळ लिहिलं, पायाची दोन बोटं बधिर झालीत, डॉक्टरांनी खाली उतरवलंय. त्या रात्री किती दिवसांनी मला झोप लागली. काळजी नेमकी केवढी करायची, ते तरी कळलं होतं.

पुढचा फोन लागला की आधी स्वतःचं एक खरं सांग. झोप येत नाही, एवढंच सांग. मग “चुकलो, ओरडायला नको होतं” म्हण. तिनं आईचा हात प्लास्टरला नेला, घर धरलं, तोडीसाठी मुकादमाच्या मागं फिरते आहे. एवढं करणाऱ्या बाईला जाब विचारू नये रे. दोघं मिळून ठरवा: दवाखाना, पैसा आणि कोर्ट, या तीन गोष्टींतलं काही घडलं की पुढच्याच फोनवर सांगायचं. बाकीचं निवांत.

बांधाचं फोनवर भांडू नकोस. तुझ्यासारख्यांसाठी 1925 सालचा भारतीय सैनिक खटल्यांचा कायदा आहे. विशेष परिस्थितीत तैनात असलेल्या जवानाच्या माघारी त्याच्या दिवाणी आणि महसुली दाव्यांना त्यात संरक्षण मिळतं. सीओ साहेबांमार्फत (तुमच्या पलटणीचे कमांडिंग ऑफिसर) जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज पाठव, एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला. ज्या जिल्ह्यात मिलिटरी अपशिंगेसारखं फौजींचं गाव आहे, तिथं फौजीचं गाऱ्हाणं परकं वाटणार नाही. बायकोला सांग, कुठल्याही कागदावर सही करायची नाही, सातबारा काढून ठेवायचा. मोजणी तू सुट्टीवर आल्यावर. आईचं नाव तुझ्या अवलंबितांत लागलं असेल तर मिलिटरी हॉस्पिटलात तिला दाखवता येतं. लागलं नसेल तर क्लार्कला आजच विचार.

नोकरीचं मात्र तिथं बसून ठरवू नकोस. पेन्शनला 15 वर्षं लागतात, 4 राहिली आहेत, हा हिशोब तर आहेच. पण त्या उंचीवर हवा विरळ, झोप तुटकी, अशा डोक्यानं घेतलेला निर्णय मला नको वाटतो. खाली ये, घरी जाऊन आईच्या हातचं जेव, मग दोघं बसून बोला. तेव्हाही सोडावीशी वाटली तर खुशाल सोड, मी तुला भित्रा म्हणणार नाही.

झोपेचं नर्सिंग असिस्टंटला सांग, सुभेदार साहेबांनाही सांग. लाजू नकोस. मन गावाकडं असलं की हातमोजा ओला झालेलाही ध्यानात येत नाही, आणि तिथं बोट जायला तेवढं पुरतं. तुझी काळजी वाहणारी माणसं तुझ्या शेजारीच झोपलेली आहेत रे.

आणि हो, पुढच्या वेळी आईलाही फोनवर घे. प्लास्टर डाव्या हाताला आहे, उजव्यानं फोन धरता येतो तिला.

— ताई