वजनाचा पहिला आकडा

प्रिय डॉक्टर,

कारागृहाच्या दवाखान्यात रुजू होऊन तुला आठवडाच झालाय आणि पहिला प्रश्न नेमका विचारलास: तुरुंगात माणूस झिजतो म्हणतात, मग महिला विभागात इतक्या जणींचं वजन वाढलेलं कसं?

झिजतोही आणि अंगाने सुटतोही. म्हणून दाखल होतानाचं वजन स्वतः घे. सहा महिन्यांनी समोर ६८ किलोची बाई उभी राहील. ती ५७ वरून चढली की ७९ वरून उतरली, हे माहीत नसेल तर तो आकडा मुका आहे.

वाढ का होते ते बराकीत जाऊन बघ. रात्रीचं जेवण बराकी बंद करण्याआधी, उजेड असतानाच वाटतात. मग सकाळपर्यंत दार बंद. भूक लागली की कॅन्टीनची बिस्किटं नाहीतर फरसाण. कच्च्या कैद्यांना, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही त्यांना, कामाची सक्ती नाही, दिवस बसून जातो. बहुतेक ठिकाणी महिला विभाग म्हणजे पुरुषांच्या तुरुंगातच भिंत घालून काढलेला कोपरा. चालायला अंगण ते केवढं! २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १५ देशांतल्या कैद्यांचा आढावा आला होता. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या स्त्री कैदी बाहेरच्या बायकांपेक्षा अधिक स्थूल निघाल्या; पुरुष कैदी मात्र जवळपास सगळीकडे बाहेरच्यांपेक्षा कमी. मला नवल वाटलं नाही.

सुरुवातीला मी एकीला "तोंडावर ताबा ठेवा" म्हणाले होते. ती शांतपणे म्हणाली, "बाई, काय खायचं आणि कधी, हे माझ्या हातात आहे का?" ते वाक्य अजून टोचतं. तू रागावू नकोस. अधीक्षकांकडे जा, फिरण्यासाठी सकाळी अर्धा तास जास्त माग, कॅन्टीनच्या यादीत शेंगदाणे, चणे, फळं घालायला सांग. एखादीला ओलान्झापिन ही मानसिक आजारावरची गोळी चालू असेल तर वजन गोळीमुळेही वाढतं. ती परस्पर बंद न करता मनोविकारतज्ज्ञांशी बोल.

उतरत्या वजनाला मात्र एक दिवसही थांबू नकोस. दाटीची बराक, खोकला आणि घटतं वजन दिसलं की थुंकी त्याच दिवशी क्षयाच्या तपासणीला पाठव, साखरही बघ. जामीन फेटाळल्यापासून ताट तसंच परत करणारी असेल, तर तिच्याशी आधी बोलत बस.

आणि वजनकाटा तपासून घे. कोठीतून सीलबंद दहा किलोची पिशवी आणून त्यावर ठेव. आमचा काटा दोन किलो जास्त दाखवत होता, ते मला वर्षभराने कळलं.

तुझी,
बाई