चिकन अँड डम्पलिंग्ज: आधी कुठलं करायचं ते ठरवा

दहा रेसिपी उघडून बसू नका. चिकन अँड डम्पलिंग्ज म्हणजे कोंबडीच्या रश्शात शिजवलेले पिठाचे तुकडे; पण अमेरिकेत या एकाच नावाखाली दोन वेगळे पदार्थ खपतात आणि नवशिक्यांचा घोळ तिथेच होतो.

एकात पीठ लाटून पट्ट्या कापतात, आपल्या चकोल्यांची चुलत बहीणच. पूर्व नॉर्थ कॅरोलायनात ती ‘चिकन पेस्ट्री’, डेलावेअरमध्ये ‘स्लिपरी डम्पलिंग्ज’. दुसऱ्यात बेकिंग पावडरचं सैल पीठ चमच्याने रश्शावर सोडतात. ते गोळे फुगतात. पोळ्या लाटता येत असतील तर पहिल्यापासून सुरुवात करा.

नेहमीच्या चुका:
- कणकेसारखं पीठ तिंबणं. मैदा जेमतेम गोळा होईल इतकाच मळा.
- चमच्याचे गोळे शिजताना सारखं झाकण उघडणं.
- बोनलेस चिकन. मूळचा हा अंडी देणं थांबलेल्या जून कोंबडीचा पदार्थ, तासन्‌तास रटरटवलेला. हाडांशिवाय रश्शाला अंगच येत नाही.

आणि हो, १९३०च्या मंदीत हा जन्मला, ही गोष्ट सर्रास ऐकाल. विश्वास ठेवू नका. एकोणिसाव्या शतकातही तो होताच.

पेनसिल्व्हेनिया डच लोकांचं, म्हणजे तिथे स्थायिक झालेल्या जर्मन वंशाच्या लोकांचं, केशर घातलेलं ‘बॉट बोई’ (लाटलेल्या पिठाच्या तुकड्यांचाच असा प्रकार) सध्या राहू द्या. आधी साधा रस्सा जमवा.