दर २ मिनिटांनी हात बदलतात, मग तू का नाही?

(पत्र थोडं आटोपशीर केलं आहे.)

*मावशी, मी २९ वर्षांचा, बीएएमएस. नागपूरजवळ एका ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर आहे. फेब्रुवारीत वर्धा रोडवर, बुटीबोरीच्या अलीकडे मोटरसायकलचा अपघात झाला. पोरगा अठराएक वर्षांचा. मागे बसलेल्या आईला खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. मी सीपीआर देत होतो, म्हणजे थांबलेल्या हृदयासाठी छाती दाबत होतो, आणि ती सारखी विचारत होती, 'वाचंन नं माहा पोरगा?' मी 'हो' म्हणालो. तो गेला. तेव्हापासून झोप नाही, डोळे मिटले की तोच आवाज. रिकामं बसलं की आठवतं, म्हणून डबल ड्यूटी घेतो. घरी आलो की दोन पेग. बायकोला सांगत नाही, पेशंटचं बाहेर बोलायचं नसतं. मागच्या आठवड्यात फवारणीचं औषध प्यायलेल्या माणसासाठी ॲट्रोपिन या उताऱ्याऐवजी हृदय जोरात चालवणाऱ्या ॲड्रिनलिनची ॲम्प्युल, म्हणजे इंजेक्शनची कुपी, फोडली. सिरिंज भरताना लेबल दिसलं, फेकून दिली. कुणाला कळलं नाही. मला एवढंच सांगा, त्या पोराला मी वाचवू शकलो असतो का?*

डॉक्टर, तुला अरेतुरे करते. माझा धाकटा तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे.

मूळ पत्रात त्या पोरावर तू पानभर लिहिलंस आणि ॲम्प्युलवर दोन ओळी. माझी झोप त्या दोन ओळींनी उडवली.

पण आधी पोराचं. अपघाताच्या मारानं रस्त्यावरच ज्यांचं हृदय थांबतं, त्यातले फार थोडे परत येतात. हे तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे, फक्त रात्री तीन वाजता पटत नाही. ते मरण तुझ्या खात्यावर नाही. ते 'हो' मात्र तुझं आहे. त्या बाईच्या तोंडाकडे बघून मीही बहुतेक तेच म्हटलं असतं, तरी पुढच्या वेळी म्हणू नकोस. 'तब्येत फार नाजूक आहे, आम्ही थांबणार नाही, तुम्ही त्याच्याशी बोलत राहा,' इतकं म्हण. खोटं बोलावं लागत नाही आणि आईला करायला काहीतरी मिळतं.

आता ॲम्प्युल. विदर्भात फवारणीच्या विषाची केस तुला नवी नाही. कीटकनाशकातलं ऑर्गनोफॉस्फेट असलं तर ॲट्रोपिनवरच सगळी भिस्त. दोन्ही ॲम्प्युली इवल्याशा काचेच्या, घाईत हाताला सारख्याच लागणाऱ्या. गाडी हलतेय, पेशंट ओकतोय, नातेवाईक ओरडताहेत, आणि तू किती तासांचा जागा होतास? ते तू लिहिलंच नाहीस.

सीपीआर शिकवताना तुम्ही काय सांगता रे? मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि दर २ मिनिटांनी दाबणारा बदलायचा. कारण दमलेला हात उथळ दाबायला लागतो आणि दाबणाऱ्याला ते कळतही नाही. 'मला काही होत नाहीये' म्हणणाऱ्यालाही बाजूला करायचं. तुझंच शास्त्र २ मिनिटांच्या वर कुणाच्या हातावर भरवसा ठेवत नाही, आणि तू डबल ड्यूटीवर ठेवतोस. त्या पोराला विसरायला तू जागतोस, त्याची किंमत तो विष प्यायलेला माणूस देणार होता.

तेव्हा डबल ड्यूटी बंद. पैसे कमी येतील, रोस्टर लावणारा तोंड वाकडं करेल. करू दे. ॲम्प्युलचं सुपरवायझरला लेखी कळव. कुणाला इजा झाली नाही, तोवरच हे सांगणं सोपं असतं. बोलणी बसली तर ऐकून घे.

दारूनं झोप लागते खरी, पण मध्यरात्रीनंतर तीच मोडते. आणि रात्रपाळी करून मे महिन्यात, ४५ अंशांत, दिवसा झोपणं म्हणजे काय, ते नागपूरकरालाच विचारावं. माझे यजमान मिलमध्ये रात्रपाळीला असत. दुपारी कूलरचं पाणी संपलं की मी चपला काढून, आवाज न करता बादली ओतायची. खिडकीला गोधडी टांगलेली. तुझ्या घरी हे कोण करेल? बायको करेल, पण तिला आधी कळायला हवं की तू झोपत नाहीस.

तिच्यापासून लपवायला तू पेशंटच्या गोपनीयतेची ढाल करतोस, ते काही मला पटलं नाही. पोराचं नाव, गाव, त्याच्या अंगाचं काय झालं होतं, हे सांगू नकोस. 'मला एका आईचा आवाज ऐकू येतो' ही गोष्ट तुझी आहे. ती सांगायला कोणाची बंदी?

आणि हे महिन्याच्या वर चाललंय, तेव्हा ते आपोआप जाईल म्हणून वाट बघू नकोस. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. अशा आठवणींवर बोलण्याचे चांगले उपचार आहेत, लगेच गोळ्याच लागतात असं नाही. 'मेडिकल'च्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, ओपीडीत आपलेच लोक भेटतील, ही लाज मला समजते. मग सुरुवात फोननं कर: टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. अगदीच जीव नकोसा वाटायला लागला तर त्याच क्षणी फोन कर आणि बायकोला उठव.

पुढच्या ड्यूटीला गाडीत चढलास की औषधांची पेटी उघड. ॲट्रोपिन आणि ॲड्रिनलिन एकाच कप्प्यात असतील तर वेगळी ठेव, आणि तुझ्यानंतर जो चढणार आहे त्याला दाखव.