लेथ किती सेकंदांत थांबावा?

प्रश्न : माझ्या लाकडाच्या लेथवर जुनी मोटर काढून दीड किलोवॉटची तीन फेजची मोटर आणि सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी ड्राइव्ह (विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) बसवला आहे. थांबण्याचा वेळ २ सेकंद ठेवलाय. छोटी वाटी असली की लेथ टचकन थांबतो. पण ३० सेंटिमीटरचा ठोकळा लावला की थांबवताना ड्राइव्ह ‘ओव्हरव्होल्टेज’ दाखवून ट्रिप होतो आणि लेथ आपला फिरतच राहतो. मित्र म्हणतो, ब्रेकिंग रेझिस्टर (जास्तीची वीज उष्णता करून जाळणारा भाग) लाव. लावू का?

उत्तर : नको. आधी तो २ सेकंदांचा हट्ट सोडा.

थांबवताना ड्राइव्ह फ्रिक्वेन्सी उतरवत नेतो. ठोकळा मात्र त्याच्या वजनाच्या जोरावर फिरत असतो आणि मोटरलाच फिरवू लागतो. म्हणजे तेवढा वेळ तुमची मोटर जनरेटर झालेली असते. ती बनवते ती वीज ड्राइव्हच्या आतल्या डीसी कपॅसिटरमध्ये साठते. २३० व्होल्टचा पुरवठा असला की तिथे साधारण ३२५ व्होल्ट असतात. ते ४००च्या आसपास चढले की ड्राइव्ह स्वतःला वाचवण्यासाठी मोटर सोडून देतो. तुमचा ट्रिप तो हाच. ड्राइव्ह बिघडलेला नाही.

छोटी वाटी चालते आणि मोठा ठोकळा का चालत नाही, याचा हिशेब करून बघा. ३० सेंटिमीटर व्यासाचा, ८ सेंटिमीटर जाडीचा, साधारण ४ किलोचा ठोकळा मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्यात १६० ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. त्याच जाडीचा १५ सेंटिमीटरचा तुकडा त्याच वेगाने फिरवा, तर फक्त १०. व्यास निम्मा केला की ऊर्जा सोळाव्या हिश्शावर येते. उलट वेग दुप्पट केला की चौपट होते. आता ड्राइव्हमध्ये १००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आहेत असं धरा. ३२५ वरून ४०० व्होल्टपर्यंत जाताना त्यांत जेमतेम २७ ज्यूल मावतात. थोडी ऊर्जा मोटरमध्ये आणि पट्ट्यात उष्णता होऊन जिरते, पण ती जिरायला वेळ लागतो, आणि तुम्ही नेमका तोच देत नाही.

तेव्हा थांबण्याचा वेळ आधी १५ सेकंद करा. तुम्ही खरोखर लावता त्यातला सगळ्यात जड ठोकळा, टेलस्टॉकचा (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या टेकूचा) आधार देऊन, त्याला शोभेल त्या जास्तीत जास्त वेगावर फिरवा आणि थांबवा. मग दर वेळी एकेक सेकंद कमी करत जा. जिथे ट्रिप होईल तिथून तीन-चार सेकंद मागे या. माझ्या लेथवर वेग घेण्याचा वेळ ५ आणि थांबण्याचा १० सेकंद आहे, आणि मला आणखी घाई कधीच वाटली नाही. तेवढ्या वेळात चष्म्यावरचा भुसा पुसून होतो.

एक गोष्ट बरेच जण वाचायची विसरतात. बहुतेक ड्राइव्हमध्ये हे सेकंद कमाल फ्रिक्वेन्सीपासून शून्यापर्यंतचे असतात, तुम्ही चालवत असलेल्या वेगापासूनचे नव्हेत. कमाल ५० हर्ट्झ आणि वेळ १० सेकंद असेल, तर २५ हर्ट्झवरून लेथ ५ सेकंदांत थांबेल. उद्या कमाल ५०ची ७५ केलीत आणि सेकंद तेच ठेवलेत, तर ब्रेक गुपचूप दीडपट कडक होतो. कमाल बदलली की वेळ पुन्हा तपासा. काही ड्राइव्ह व्होल्टेज चढताना दिसलं की थांबण्याचा वेळ आपणहून लांबवतात. ती सोय असेल तर चालू ठेवा. मग सेट केलेल्या ६ सेकंदांऐवजी लेथ ९ सेकंदांनी थांबला म्हणून तक्रार करू नका.

आता रेझिस्टर नको म्हणण्याचं खरं कारण. विजेची अडचण त्याने सुटेल, पण स्पिंडलच्या (लेथच्या फिरत्या दांड्याच्या) आट्यांची सुटणार नाही. नेहमीच्या उजव्या आट्यांवर चक किंवा फेसप्लेट (ठोकळा धरून ठेवणारे भाग) कातताना आवळत जाते. ब्रेक लागला की स्पिंडल मंदावतो, पण जड ठोकळ्याला पुढेच जायचं असतं, आणि आटे सुटायच्या दिशेला ओढले जातात. परीक्षा सोपी आहे. लेथ बंद असताना चकच्या पाठीपासून स्पिंडलच्या खांद्यापर्यंत पेन्सिलची एक सरळ रेघ ओढा. टेलस्टॉक लावून ठेवा, लेथ फिरवा, थांबवा, असं काही वेळा करा. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून केसभर जरी सरकले, तरी तुमचा ब्रेक त्या चकला झेपत नाही. चकला पाठीमागे लॉकिंग स्क्रू असेल तर तो आवळा, नाहीतर सेकंद वाढवा. ब्रेकची सुरुवात हळुवार करणारी ‘एस-कर्व्ह’ची सोय ड्राइव्हमध्ये असेल, तर तीही वापरा. झटका बसतो तो सुरुवातीलाच. लॉक नसलेल्या चकवर उलटं फिरवण्याचं बटणही बंद करून टाका.

चक लॉक होत असेल आणि मोठं काम वारंवार थांबवून बघावं लागत असेल, तर रेझिस्टर जरूर लावा. आधी ड्राइव्हमध्ये ब्रेकचं युनिट (वीज रेझिस्टरकडे वळवणारा भाग) आहे का ते पाहा, नाहीतर रेझिस्टर नुसता शोभेचा. त्याचे ओहम माहितीपुस्तकात दिलेल्या किमान आकड्यापेक्षा कमी नकोत, आतला ट्रान्झिस्टर जळेल. रेझिस्टर चांगलाच तापतो, म्हणून भुसा-ढलप्या साचणार नाहीत अशा जागी धातूच्या पत्र्यावर बसवा. जोडणीआधी वीज बंद करून माहितीपुस्तकात सांगितलेला वेळ थांबा, कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो.

डीसी ब्रेकिंगचं सेटिंग दिसलं तर शून्यावर ठेवा. ते ऊर्जा मोटरमध्येच जाळतं आणि शेवटी चकला हिसका देतं. आणि लक्षात घ्या, वीज गेली की यातला कोणताही ब्रेक राहत नाही, म्हणून फिरतं लाकूड तळव्याने थांबवायची सवय असेल तर ती मोडाच. वीज आल्यावर लेथ आपोआप सुरू होणारं सेटिंग बंद आहे ना, तेही आजच बघा.

प्रश्न : २० हर्ट्झवर मोठा ठोकळा कातताना हत्यार टेकवलं की मोटर अडते. टॉर्क बूस्ट (कमी वेगावर मोटरला जादा व्होल्टेज देणारं सेटिंग) वाढवू का?

उत्तर : पट्टा खालच्या, म्हणजे स्पिंडलला कमी वेग देणाऱ्या, पुलीवर घ्या. ड्राइव्ह फार तर टॉर्क (फिरवण्याचा जोर) टिकवतो, पॉवर फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात घटते. २० हर्ट्झवर तुमच्या दीड किलोवॉटमधले ०.६ उरतात. स्पिंडलचा तोच वेग पट्टा खाली घेऊन ४० हर्ट्झवर मिळाला, तर टॉर्क दुप्पट. शिवाय मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, तो २० हर्ट्झवर नावालाच वारा घालतो. बूस्ट वाढवून मोटर तेवढी जास्त तापेल. पट्टा बदलायचा कंटाळा येतो हे मान्य आहे, ड्राइव्ह आल्यापासून सगळ्यांनाच येतो. निदान २५ सेंटिमीटरच्या वरच्या कामाला तरी बदला.